घट्ट झाकणाच्या डब्यांतही मुगाला भुंगा आणि रव्याला जाळी का लागते?

नवे_बिऱ्हाड: गेल्या वर्षी आम्ही सोलापूरहून रत्नागिरीला राहावयास आलो. सोलापुरात वैशाखात ऊन दिलेले धान्य पत्र्याच्या कोठीत वर्षभर बिनघोर राहत असे. येथे मात्र घट्ट झाकणाचे नवे डबे घेऊनही जुलैअखेरीस मुगातून भुंगे निघाले आणि रव्याने जाळी धरली. हवाबंद डब्यात कीड शिरते कोठून, आणि निदान गणपतीपर्यंत तरी हे जिन्नस टिकवावेत कसे?

माजघर: कीड डब्यात शिरत नाही, बहुतेक वेळा ती वाणसामानाबरोबरच घरी येते. मुगाचे दाणे उजेडात धरून पाहावेत. त्यांवर खसखशीहूनही बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती भुंग्याची अंडी होत. त्यांतून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि उबदार हवेत सुमारे महिनाभरात भुंगा होऊन, गोल भोक पाडून बाहेर पडते. म्हणून अख्खे मूग, मटकी, चवळी यांना पावसाळ्यापूर्वीच कडकडीत ऊन द्यावे आणि ती निवल्यावर किलोला एक लहान चमचा एरंडेल दोन्ही हातांनी चोळावे, म्हणजे तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात. शिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने धुतले की वास राहत नाही. रवा मंद आचेवर कोरडा भाजावा, परंतु तो कोमट असताना डबा बंद करू नये. वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी रव्यात उतरते. असा एक डबा मी स्वतः घाईने वाया घालवला आहे.

आडसर: ऐन श्रावणात ऊन मिळणार नाही, तेव्हा फ्रीजरचा उपयोग करावा. उणे १८ अंशांवर ४ दिवसांत अंडीही मरतात. घरच्या फ्रीजरचा भरवसा नसल्यामुळे मी आठवडाभर ठेवतो. पिशवी बाहेर काढल्यावर तिचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नये, नाहीतर हवेतील दमट वाफ रव्यावरच जमते.

कोठीघर: आमच्याकडे तांदळाला बोरिक पावडर चोळतात आणि डब्यात पारदाच्या गोळ्या ठेवतात. इतकी खटपट कशासाठी?

माजघर: क्षमस्व, परंतु हा सल्ला कोणीही मानू नये. बोरिक पावडर आणि पारा ही दोन्ही विषे आहेत, आणि तांदूळ धुतल्याने सगळी पावडर निघून जाते असे गृहीत धरता येत नाही. त्याऐवजी सावलीत पूर्ण वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. ओला पाला ठेवल्यास बुरशी मात्र नक्की येईल.

नवे_बिऱ्हाड: मूग पाहिले. ठिपके आहेत, परंतु भोके अजून नाहीत. तेवढे मूग आजच फ्रीजरमध्ये ठेवले असून रवा यापुढे अर्धा किलोच आणणार आहे.