‘नवे-जुने करणे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : 1875च्या दख्खनच्या दंग्यांबद्दल (शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या उठावाबद्दल) वाचताना ‘सावकार दर तीन वर्षांनी खत नवे-जुने करून घेई’ असे वाक्य आले (खत म्हणजे कर्जरोखा). ‘नवे-जुने’ म्हणजे नूतनीकरणच ना? आणि नेमकी तीनच वर्षे का?

– तीन वर्षे ही तमादीची मुदत. 1859च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचे बंधन आले. मुदत टळली की रोखा तमादी झाला, म्हणजे कोर्टात त्याची किंमत शून्य. जुनी खाती वर्षानुवर्षे लोंबकळत राहू नयेत आणि कुळाला, म्हणजे कर्जदाराला, संरक्षण मिळावे, हा हेतू. सावकाराने त्यातून वाट काढली : मुदत संपायच्या आत कुळाला बोलावून नवे खत लिहून घ्यायचे.

– ‘नूतनीकरण’ म्हटले की खरी गोम निसटते. परवान्याचे नूतनीकरण होते तेव्हा परवाना तोच राहतो, फक्त तारीख बदलते. इथे आकडाच बदलतो. थकलेले व्याज मुद्दलात मिळवून ती बेरीज नव्या खतात ‘मुद्दल’ म्हणून लिहिली जाई. हिशेब करून पाहा. 100 रुपये, दरमहा शेकडा 2 रुपये व्याज. तीन वर्षांचे व्याज 72, म्हणून नवे खत 172चे. सहा वर्षांनी सुमारे 296, नऊ वर्षांनी 509 आणि बारा वर्षांनी 875. या काळात कुळाच्या हातात नवा पैसा एकही नाही.

प्रश्न : पण दामदुपटीचा नियम होता ना? व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. मग 200च्या वर आकडा जाईलच कसा?

– दामदुपट मोजतात ती त्या त्या खतातल्या मुद्दलावर. वरच्या दराने व्याज मुद्दलाएवढे व्हायला 50 महिने लागतात, आणि खत तर 36व्या महिन्यातच बदलले जाते. दामदुपट गाठलीच जात नाही. तमादीचा कायदा आणि दामदुपट, दोन्ही कुळाच्या बाजूचे. पण एकाच्या धाकाने दुसरे निकामी झाले. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगापुढे 100 रुपयांच्या कर्जावर 2000हून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले होते, ते उगाच नाही.

– आणखी एक मेख. नवे खत झाले की जुने परत घेऊन फाडायचे असते. ते सावकाराकडेच राहिले, किंवा भरलेल्या पैशाची पावती मिळाली नाही, तर अडाणी कुळाजवळ पुरावा काहीच उरत नाही. म्हणून 12 मे 1875ला सुप्यात (तेव्हा भीमथडी तालुका, आता बारामती) बाजारच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांकडून हिशेबाच्या वह्या आणि खते मागितली नि जाळली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतही लोकांचा रोख कागदांवरच राहिला. कागद मुकाट्याने दिले तिथे मारहाण सहसा झाली नाही. ‘दंगा’ हा सरकारी दप्तरातला शब्द. त्या मानाने हे काम फारच नेमके होते.

– 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने बोट बरोबर याच दुखण्यावर ठेवले. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत कोर्टाने शेवटचे खत न पाहता व्यवहार मुळापासून उकलायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे. तमादीची मुदतही वाढवली : नोंदणी केलेल्या दस्ताला 12 वर्षे, बाकीच्यांना 6. म्हणजे नवे-जुने करण्याची घाईच उरू नये.

प्रश्न : गावच्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत मार्चअखेरीला ऐकू येते ते ‘नवं-जुनं’ हेच का?

– शब्द तोच, रीत थोडी निराळी. पीककर्ज मुदतीत व्याजासह भरल्याचे दाखवायचे आणि लगेच नवे उचलायचे. म्हणजे खाते थकीत होत नाही. पैसे बहुधा दोन-चार दिवसांसाठी हातउसने आणलेले असतात. व्याज मुद्दलात मिळवून मंजुरी वाढवून घेतली, तर मात्र ते थेट 1875चेच नवे-जुने. ‘पुनर्गठन’ याहून वेगळे : त्यात जुने कर्ज फिटल्याचे दाखवत नाहीत, हप्ते पाडून मुदत वाढवतात.