शॉर्टफिल्मचं पोस्टर सातशे रुपयांत करायचंय, सल्ला हवा

माणदेशी_पोरगी
मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून एक छोटी फिल्म केलीय, नाव ‘खेप’. टँकर यायच्या दिवशी एका आजीची काय धांदल उडते, एवढीच गोष्ट. पुढच्या शुक्रवारी कॉलेजात दाखवायची आहे. सोबत ए-टू आकाराचं पोस्टर हवं, एकच प्रत. बजेट ७००, त्यापुढे एक रुपया नाही. लॅपटॉप जुना, फोटोशॉप नाही. फिल्ममधलीच एखादी फ्रेम काढून वापरावी म्हणते. सॉफ्टवेअर कुठलं, नावाला फाँट कुठला, छापायचं कशावर?

कोरलवाले_काका
कोरलड्रॉ. विषय संपला. लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या बॅनरपर्यंत सगळं त्यावरच केलंय.

निवांत_नाशिककर
काका, तिचं बजेट वाचलंत का?

कोरलवाले_काका
वाचलं. चांगली वस्तू एकदाच घ्यावी.

स्टायलस_सम्राट
मी तर म्हणेन एक ग्राफिक टॅब्लेट घेऊनच टाक. चार-पाच हजारांत बरा मिळतो. मी घेतला तेव्हा घरचे ओरडले, आता भाची त्यावरच चित्रं काढते.

निवांत_नाशिककर
ताई, पैसे न घालता: फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि दिसायला फोटोशॉपसारखंच आहे. अक्षरं नि आकारांसाठी इंकस्केप, तेही फुकट. फाँटसाठी ‘एक टाइप’ या मुंबईच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ बघ, दोन्ही मुक्त परवान्याचे, म्हणजे फुकट.

रात्रपाळी
फोटोपी +१. कॅनव्हाही चालेल, पण मग वर्गातल्या निम्म्या पोस्टरांचं तोंड एकसारखं दिसेल.

जुना_चित्रकार
आधी एक सांग, फिल्म कितीवर शूट केली? १९२० × १०८० असेल तर फ्रेम विसर. ए-टू म्हणजे ४२० × ५९४ मिमी. उभ्या पोस्टरसाठी आडवी फ्रेम कापलीस की उंचीला १०८० पिक्सेल उरतात, आणि ते सव्वातेवीस-साडेतेवीस इंचांवर ताणायचे. इंचाला जेमतेम ४६. आजीचा चेहरा लापशी होईल. वेगळा फोटो काढ. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो इंचाला १७० च्या आसपास पडतो, भिंतीवरच्या पोस्टरला तेवढं पुष्कळ. आणि तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तिथेच त्याचा चोथा.

पंचगंगेकाठी
फोटो कशाला? आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं हातानं रंगवली. हुसेनसुद्धा मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवूनच पुढे आले. रंगव गं पोरी!

निवांत_नाशिककर
तिला शुक्रवारपर्यंत द्यायचंय, आणि ती हुसेन नाही.

पंचगंगेकाठी
पहिल्या दिवशी हुसेनही हुसेन नव्हते.

स्टायलस_सम्राट
म्हणूनच टॅब्लेट म्हणत होतो.

फ्लेक्सग्रस्त
फ्लेक्सच्या वाटेला जाऊ नकोस. आमच्या मंडळाचा फ्लेक्स एका दुकानात दिला होता. स्क्रीनवर झकास निळा, हातात आला तर वांग्याच्या रंगाचा. दुकानदार म्हणतो, फाइल आरजीबीत होती, म्हणजे छपाईच्या नाही, स्क्रीनच्या रंगांत. मग घेताना बोलायला काय झालं होतं?

कोरलवाले_काका
गिऱ्हाईक मोबाइलवरचा स्क्रीनशॉट आणतं आणि वर रंग जुळव म्हणतं. दुकानदारानं काय जादू करायची?

फ्लेक्सग्रस्त
पैसे घेताना जादू बरोबर जमते.

रात्रपाळी
धागा भरकटतोय. फ्लेक्सला बारीक अक्षरं नीट उठत नाहीत हे मात्र खरं. व्हिनाइल (चिकट प्लास्टिक शीट) छापून सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, चिकटवून घे, ताठ उभं राहतं. चारही बाजूंना चित्र ३ मिमी जादा बाहेर ने, नाहीतर कापताना कडेची पांढरी रेघ दिसते. आणि फाइल देण्याआधी अक्षरांचे कर्व्हज कर, म्हणजे अक्षरं फाँट न राहता नुसते आकार होतात. दुकानात तुझा फाँट नसतो आणि ‘खेप’चं भलतंच काहीतरी होऊन येतं.

कोरलवाले_काका
कर्व्हज! हेच मी सांगणार होतो.

जुना_चित्रकार
खाली ती नावांची चिंचोळी पट्टी करतेस का? मराठीत नको. इंग्रजी अक्षरं दाबून अरुंद केली तरी वाचता येतात. आपल्याकडे वर वेलांटी, खाली उकार, जोडाक्षरं. सगळं एकमेकांत घुसतं. पाच नावं, सुटसुटीत, वाचता येतील एवढी. आणि फिल्म अजून कुठे गेलेलीच नसताना ती पुरस्काराची सोनेरी पानं लावू नका रे कुणी.

फ्लेक्सग्रस्त
आमच्या पुतण्यानं लावली होती. मधे काही लिहिलेलंच नव्हतं.

मीनाक्षी_ठाणे
आत्ताच वाचलं. फोटोपी छान आहे, वापरून बघ. चित्रात भेगाळलेली जमीन घे, दुष्काळ लगेच कळतो.

जुना_चित्रकार
भेगाळलेली जमीन नको. प्रत्येक दुष्काळी पोस्टरवर तीच असते.

मीनाक्षी_ठाणे
लोकांना कळतं म्हणूनच असते ना?

पंचगंगेकाठी
पुण्याला गेलीस तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी कर. त्यांच्याकडे जुन्या पोस्टरांचा मोठा संग्रह आहे. चार बघितलीस की हे सनबोर्ड-बिनबोर्ड विसरशील.

माणदेशी_पोरगी
सगळ्यांचे आभार. फोटोच घेतला नाही. पिवळ्या कार्डपेपरवर काळी लेझर प्रिंट, दोन ए-थ्री खालीवर जोडून. वर घागरींची रांग, मीच ब्रशनं काढलेली, तीही काळी. खाली ‘खेप’ बलूमध्ये, भलंमोठं. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्यानं शंभराच्या आत काम केलं. सरांना दाखवलं, ते नुसतं ‘बरं’ म्हणाले. आजींना आवडलं.

रात्रपाळी
मधला जोड दिसेल की.

माणदेशी_पोरगी
दिसतोय. रांगेच्या बरोबर खालून घेतलाय, जमिनीसारखा वाटतो. उरलेल्या पैशांत चौघांनी मिसळ खाल्ली.

स्टायलस_सम्राट
टॅब्लेट असता तर जोडच आला नसता.

कोरलवाले_काका
पण अक्षरं कशात लावलीस ते सांगितलंच नाहीस. कोरलच ना?