लिबरेटर 'पळवली'? कोणी, कधी?

लोहगावचा पोरगा
परवा एकाने इथे लिहिलं, "गोऱ्यांनी आपली लिबरेटर बॉम्बर पळवून म्युझियममध्ये मांडली, कोहिनूरसारखी परत मागा." दोन दिवस गप्प बसलो, आता नाही. मुळात ती विमानं अमेरिकेत बनलेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला टाकली आणि कोणाला उडवता येऊ नयेत म्हणून मोडतोडही केली. त्या उकिरड्यातून एचएएलने, म्हणजे बंगलोरच्या विमान कारखान्याने, चाळीसेक विमानं उभी केली. आमचे वडील पुण्याजवळ लोहगावच्या हवाई तळावर, ती उडवणाऱ्या वायुदलाच्या सहा नंबर स्क्वाड्रनमध्ये फिटर होते. 1968 मध्ये ती विमानं निवृत्त झाल्यावर बाहेरच्यांनी मागितली, आपण दिली. अ‍ॅरिझोनातल्या पिमा म्युझियमचं 1969 मध्ये उडत गेलं, ब्रिटिश हवाई दलाच्या म्युझियमचं 1974 मध्ये. चोर असा राजरोस धावपट्टीवरून जातो का?

कावेरी ठाणे
"आपण दिली" हेच तर दुखणं आहे, दादा. उभी केली बंगलोरच्या कामगारांनी आणि कौतुक तिकडे. एक 1980 च्या दशकात खोलून मालवाहू विमानातून इंग्लंडला नेलं, मग अमेरिकेला. 1989 मध्ये ते पुन्हा उडालं तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं माहितेय? 'ऑल अमेरिकन'! घ्या.

लोहगावचा पोरगा
नावाची चीड मलाही आहे. पण फुकट दिली म्हणू नका. कॅनडाला लिबरेटर गेलं, त्या बदल्यात तिकडून लायसँडर हे जुनं ब्रिटिश विमान आलं, ते दिल्लीत पालमच्या वायुदल म्युझियममध्ये आहे. लिबरेटरही एक ठेवलंच आहे तिथे.

दर्यावर्दी
परत आणून ठेवणार कुठे? जुन्या विक्रांतचं, आपल्या विमानवाहू जहाजाचं, काय केलंत ते आठवा. 1997 पर्यंत नौदलात, मग मुंबईत म्युझियम आणि 2014 मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणीत कटर! पोलादाच्या मोटारसायकली झाल्या. आम्ही शाळेची सहल घेऊन गेलो होतो त्या डेकवर, माझा हात अजून त्या गरम लोखंडावर आहे.

कावेरी ठाणे
विक्रांत जहाज आहे. विषय विमानांचा चाललाय.

दर्यावर्दी
विषय ठेवायचा कुठे याचाच आहे, बाई. आमच्या गावच्या चौकात एक लढाऊ विमान उभं केलंय. पंखात कबुतरं, चाकाशी पाणीपुरीची गाडी. नगराध्यक्षांच्या वाढदिवसाला नाकावर फ्लेक्स बांधतात. वायुदलाला पत्र लिहिलं तर म्हणे देखभाल स्थानिक प्रशासनाकडे.

नट-बोल्ट
आमच्याकडे रणगाडा आहे. नळीत कोणीतरी झेंडू लावलाय.

दर्यावर्दी
झेंडू तरी जिवंत आहे.

लोहगावचा पोरगा
झालं, आता गावोगावच्या चौकांची यादी! अहो, आणायचं ठरवलं तर येतं. 2018 मध्ये डाकोटा हे जुनं वाहतूक विमान आणलं की. खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखरांनी आयर्लंडमधलं भंगार विकत घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त केलं, वायुदलाला भेट दिलं आणि ते थांबत थांबत उडत जामनगरला उतरलं.

नट-बोल्ट
डाकोटा उडण्याजोगं केलं होतं. लिबरेटरचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 110 फूट, न उडणारं विमान आणायचं म्हणजे तो उतरवा, पेट्या करा, बंदरात कागद नाचवा. मी एका जुन्या इंजिनाचा सुटा भाग मागवला, तर कस्टम्सचा साहेब विचारतो, "हे जुनं आहे तर कशाला आणता?" त्याचं उत्तर फॉर्ममध्ये लिहायला रकानाच नव्हता.

कावेरी ठाणे
म्हणजे नकोच?

नट-बोल्ट
आधी गोव्यातलं सुपर कॉन्स्टेलेशन विमान बघून या. लोहगावला लिबरेटरची जागा त्याच विमानांनी घेतली, पुढे ती नौदलाकडे गेली. दाबोळीच्या खाऱ्या हवेत एक उघड्यावर उभं आहे. त्याला छप्पर द्या, मग तिकडच्यांकडे हात पसरा.

कावेरी ठाणे
बरं, 'पळवली' शब्द मागे घेते. मी लिहिला नव्हताच, पण लाइक केला होता. 'ऑल अमेरिकन' मात्र मागे घेणार नाही.

लोहगावचा पोरगा
लाइकही मागे घेता येतं म्हणतात. ते घेतलंत तर वडिलांचा लोहगावचा फोटो टाकतो.