मॅचभर बॉल आमच्याकडे, गोलवर शॉट मात्र दोनच. काय शिकवू?

ऐरोलीकर_सर
नमस्कार. ऐरोलीत १३ वर्षांखालच्या मुलांना शनिवार-रविवार फुटबॉल शिकवतो, बाकी दिवस नोकरी. गेल्या रविवारी खारघरला ०-१ ने हरलो. बायको बाहेर बसून वहीत काड्या मारत होती. गोलवर आमचे शॉट दोन, दोन्ही डीच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) बाहेरून, थेट गोलकीपरच्या हातात. बॉल मात्र जवळजवळ सगळा वेळ आमच्याच पायात. समोरच्यांनी एक लांब किक मारली, त्यांचा एक पोरगा आमच्या बॅकच्या (बचाव करणाऱ्यांच्या) मागे पळाला, गोल.

पोरं पास सुंदर करतात, दीड वर्ष मीच ते घोटून घेतलंय. पण डीपाशी आली की थबकतात. बाजूला पास, परत मागे पास, शेवटी कोणीतरी वैतागून मारतो. मॅच संपल्यावर एक पालक म्हणाले, "सर, नुसतं लांब मारायला सांगा ना." मला ते पटत नाही, पण पोरं समोर उभी होती आणि मला उत्तर सुचलं नाही. शूटिंगचा सराव वाढवू का?

वाशीचा_लेफ्टबॅक
लांब मारायला शिकवू नका, प्लीज. पण पास करणं म्हणजेच खेळणं, असंही मुलांच्या डोक्यात बसायला नको. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोविरुद्ध स्पेनने १२० मिनिटांत हजारावर पास केले, गोल शून्य. मग शूटआउटमध्ये तिन्ही पेनल्टी हुकल्या आणि घरी. पोरांना ती मॅच दाखवा.

कोपरीची_ताई
सर, शूटिंगचं नंतर बघू. आधी सांगा, सराव कुठे घेता? टर्फवर ना?

मी ठाण्यात मुलींना शिकवते. आमचंही अगदी हेच झालं होतं. पावसाळाभर मैदानात चिखल, म्हणून टर्फ. पाच-पाच जणी, ऑफसाइड नाही (म्हणजे पास सुटण्याआधीच बॅकच्या पलीकडे गेलं तरी चालतं), चारी बाजूंनी जाळी. तिथे बॅकच्या मागे चार पावलांवर गोलकीपर उभी असते, मग मागे पळून मिळणार काय? मुली बरोबरच शिकल्या की बॉल पायातच मागायचा. ऑक्टोबरमध्ये मोठ्या मैदानावर आलो तर बचावाच्या मागे वीस-पंचवीस पावलं मोकळी, आणि आमच्या पुढच्या दोघी गोलकडे पाठ करून बॉल मागत उभ्या. पास देणारीने द्यायचा कुठे? मी मात्र महिनाभर पास देणारीलाच ओरडत होते. ती चूक माझी.

२०२२ ला डी. वाय. पाटीलवर १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल होती, स्पेन-कोलंबिया. मुलींना घेऊन गेले. प्रत्येकीला पुढच्या फळीतली एकेक खेळाडू वाटून दिली, बॉल कुठेही असो, नजर तिच्यावरच. टीव्हीवर हे जमत नाही, कॅमेरा बॉलमागेच फिरतो. नेरुळहून ठाण्याला येताना लोकलमध्ये एक जण म्हणाली, "ताई, ती किती वेळा फुकट पळते!" त्या एका वाक्यासाठी नेलं होतं मी त्यांना.

तेव्हापासून महिन्यातून दोन सराव तरी मोठ्या मैदानावरच घेते. अर्धं मैदान, सहाविरुद्ध पाच. डीच्या थोडं अलीकडे कोनांची आडवी रेघ. बॉल रेघेपलीकडे जाईपर्यंत बचाव करणाऱ्यांनी रेघेमागे जायचं नाही. रेघेपलीकडे धावत जाणारीच्या पुढ्यात बॉल पडला आणि त्यातून गोल झाला, तरच तो धरायचा. मागे पास द्यायला बंदी मात्र घालू नका. आम्ही घातली होती, मुली डोळे मिटून पुढे मारायला लागल्या.

दुसरं, बॉल येण्याआधी मान वळवणं. मी खेळाडूच्या मागे उभी राहून बोटं दाखवते. बॉल पायात यायच्या आत तिने आकडा ओरडायचा. दोन आठवडे चुकतात, मग अंगवळणी पडतं. आणि बाजूने डीत घुसल्यावर गोलसमोर उंच बॉल टाकू नका. पेनल्टीच्या खुणेकडे, जमिनीलगत, मागे द्या. बॅक आपल्याच गोलकडे तोंड करून पळत असतात, मागून येणारी त्यांना दिसतच नाही.

ऐरोलीकर_सर
ताई, तीन आठवड्यांनी लिहितोय. टर्फचं अगदी बरोबर ओळखलंत, वर्षभर तिथेच होतो आम्ही. बोटांच्या खेळात आमचा सहा नंबर, जो एरवी तोंड उघडत नाही, तो आता सगळ्यांत मोठ्याने आकडा ओरडतो. काल सानपाड्याला १-१. वहीत काड्या सात! गोलही तुम्ही सांगितला तसाच, बाजूने मागे दिलेल्या बॉलवर. मी लाइनवर अक्षरशः उडी मारली.

आता नवीन दुखणं. नऊ नंबर पाच वेळा ऑफसाइड. पाचव्यांदा झेंडा वर गेल्यावर बिचारा रडवेला झाला.

कोपरीची_ताई
अभिनंदन सर! सरळ गोलकडे पळत असणार तो. आधी बॅकच्या रेघेबरोबर आडवं पळायला सांगा, नजर पास देणाऱ्याच्या पायावर, आणि बॉल सुटला की मग वळायचं. आणि सहाव्यांदा झेंडा वर गेला तरी टाळ्या वाजवा. त्याने आत्ता पळणं सोडलं, तर परत पळायला लावणं फार कठीण जातं.