रोजची डोकेदुखी: दोष मानेचा, की मानेवर ढकललेला?

देवगडचा बागायतदार (धागाकर्ता)

गेली चार वर्षे मार्चच्या सुमारास माझे डोके उजव्या बाजूने दुखू लागते आणि हंगाम संपला तरी ते पूर्ण थांबत नाही. आमची हापूसची बाग आहे. झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीची, काठी उचलून, मान मागे टाकून, फांद्यांकडे पाहत दिवसाचे सहा-सात तास काम चालते. दुखणे कवटीच्या मागच्या कडेखाली सुरू होते, कानामागून वर चढते आणि उजव्या डोळ्यामागे येऊन थांबते. आधी पित्त म्हणून औषध घेतले, मग चष्मा बदलला, मग सायनसचे उपचार झाले. यंदा प्रथमच कोणीतरी माझ्या मानेला हात लावला. एका भौतिकोपचारतज्ज्ञाने मानेच्या वरच्या मणक्यांपाशी उजवीकडे दाबले, आणि तेच दुखणे तसेच्या तसे डोळ्यापर्यंत आले.

त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले. मानेतून निघणाऱ्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणारा ट्रायजेमिनल तंतू यांचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे वेदना मानेच्या सांध्यात असली तरी मेंदूला ती कपाळात किंवा डोळ्यामागे असल्यासारखी वाटते. नॉर्वेतील ओटार स्यास्ताद यांनी 1983 साली या दुखण्याला ‘सर्व्हायकोजेनिक’, म्हणजे मानेतून उद्भवलेली डोकेदुखी, असे नाव दिले. नाव मिळून चार दशके झाली, तरी आपल्याकडे डोके दुखते म्हणून गेलेल्या माणसाची मान तपासली जात नाही. माझे ठाम मत आहे की दीर्घकाळच्या डोकेदुखीत ही तपासणी सर्वांत आधी व्हावी.

रत्नागिरीतील एक डॉक्टर

आपल्या त्रासाबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवूनही मला या मताला विरोध करावा लागतो. माझ्या अनुभवात अडचण नेमकी उलटी आहे: मानेवर फार लवकर आळ घेतला जातो. एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली की ‘स्पॉन्डिलिसिस’ असे लिहिले जाते, पट्टा दिला जातो, आणि खरा अर्धशिशीचा रुग्ण वर्षानुवर्षे योग्य औषधावाचून राहतो. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या 1,211 लोकांची एमआरआय तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांतील 87.6 टक्के लोकांच्या मानेतील दोन मणक्यांमधली चकती फुगलेली आढळली. जे चित्र निरोगी माणसांतही इतके सर्रास दिसते, त्यावरून डोकेदुखीचे कारण ठरवता येत नाही.

आपण हंगामाचा पुरावा दिला आहे, पण त्याच महिन्यांत ऊन असते, घाम जातो, जेवणाच्या वेळा चुकतात आणि पहाटे उठावे लागते. ही सगळी अर्धशिशीला चाळवणारी ठरलेली कारणे आहेत. शिवाय अर्धशिशीत मान आखडणे फार नेहमीचे असते, आणि अनेक अर्धशिशीच्या रुग्णांनाही मानेचा वरचा भाग दाबल्यावर डोक्यात ओळखीची कळ जाणवते. कारण तेच एकत्र येणारे केंद्र, ज्याचे वर्णन आपण केले. संदेश तेथून दोन्ही दिशांनी भ्रम निर्माण करू शकतात.

कुडाळहून, काजू कारखान्यातील कामगाराची मुलगी

डॉक्टरांशी मी सहमत आहे. माझी आई वीस वर्षे काजूगर सोलते. तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा ‘मानेची शीर दबली आहे’ असे सांगून तिला पट्टा दिला गेला आणि तीन महिने तो तिने उकाड्यात गळ्याभोवती वागवला. मुंग्या अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना येत, रात्री झोपेतून जाग येई आणि हात झटकल्यावर बरे वाटे. शेवटी कळले की तंतू दबला होता तो मनगटात. एवढे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आले असते. सगळ्याला मान जबाबदार धरायची सवय गरिबाला महाग पडते, कारण त्याची मजुरी बुडते.

चिपळूणचा भौतिकोपचारतज्ज्ञ

आपल्या आईंच्या बाबतीत झाले ते चुकीचेच होते. पण त्यातून मान तपासू नये असे निघत नाही, ती नीट तपासावी असे निघते. मानेतील तंतुमूळ, म्हणजे मणक्यांमधून बाहेर पडणाऱ्या तंतूचा सुरुवातीचा भाग, दबले तर कळ खांद्यातून हातात उतरते. सहावे मूळ असेल तर ती बहुधा अंगठ्याकडे जाते, सातवे असेल तर मधल्या बोटाकडे, आणि मान मागे व त्या बाजूला झुकवली की वाढते. या खालच्या मुळांचा डोकेदुखीशी सहसा संबंध नसतो. डोक्याकडे जाणारी वेदना वरच्या तीन पातळ्यांवरून येते. कंगवा फिरवतानाही दुखेल इतकी हुळहुळणारी टाळू आणि मागून वर जाणारे विजेसारखे झटके असतील, तर मानेतून डोक्याच्या मागच्या भागात जाणाऱ्या ऑक्सिपिटल तंतूचा विचार करावा लागतो. हे तिन्ही प्रकार वेगळे आहेत आणि ‘मानेचा त्रास’ या एका शब्दात कोंबल्यामुळेच गोंधळ होतो.

डॉक्टरांनी एमआरआयबद्दल लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. मात्र हाताने करायच्या तपासण्या आहेत. रुग्णाला उताणे झोपवून मान पूर्ण पुढे वाकवायची आणि मग डोके एकेका बाजूला वळवायचे. निरोगी माणसात ते सुमारे 40 ते 45 अंश वळते, आणि वरचा सांधा आखडलेला असेल तर एका बाजूला ठळकपणे कमी वळते. अर्धशिशीत सहसा असा फरक दिसत नाही. उपचारांचाही पुरावा आहे: ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलिन जल यांनी मानेतून होणाऱ्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर केलेला प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. मानेच्या खोल स्नायूंचे हलके व्यायाम आणि सांध्यांवरील हाताचे उपचार या दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली, आणि लाभ वर्षभरानंतरही टिकला होता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. केस कापून झाल्यावर कट्‌कन मान मोडून घेण्याची जी पद्धत आहे, ती सोडावी. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत, पण धोका पत्करावा असा कोणताही लाभ त्यात नाही.

रत्नागिरीतील एक डॉक्टर

एवढ्या काळजीने कोणी तपासत असेल तर माझा विरोध उरत नाही, पण क्रमाबद्दलचा आग्रह मी सोडणार नाही. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, ताप, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, चालताना जाणारा तोल, सदऱ्याची बटणे लावताना अडखळणारी बोटे, लघवीवरील सुटलेला ताबा, यांपैकी काहीही असेल तर आधी रुग्णालय, मान चोळणे नंतर. आणि धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे: महिन्यातून किती दिवस आपण वेदनाशामक गोळी घेता? साध्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला 15 किंवा जास्त दिवस घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा 10 दिवसांची आहे.

देवगडचा बागायतदार (धागाकर्ता)

प्रामाणिकपणे मोजले. एप्रिलमध्ये 19 दिवस, मेमध्ये 22. हे कोणी विचारलेच नव्हते आणि मीही सांगितले नव्हते, त्यामुळे माझ्या दुखण्यातला काही भाग गोळ्यांचा असू शकतो, हे मला मान्य करावे लागेल. पण माझे दुखणे चार वर्षांत एकदाही डावीकडे गेले नाही, मळमळ होत नाही, उजेड खुपत नाही, आणि गाडी मागे घेताना मान उजवीकडे वळवली की ते हमखास उठते. ऊन आणि उपवास यांनी हे समजावता येत नाही. म्हणून मान आधी तपासावी या मतावर मी आहे. तिच्या बरोबरीने गोळ्यांचा हिशेबही विचारावा, एवढी भर त्यात घालतो. चिपळूणच्या तज्ज्ञांनी सांगितलेली वळवण्याची तपासणी पुढच्या आठवड्यात करून घेतो आणि दोन्ही बाजूंचे अंश येथे लिहितो.