मदत हवी आहे – टरेट पंचवर १.२ मिमीला स्लग वर येतोय

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये टरेट पंचवर सेटर म्हणून लागून आठ महिने झालेत, पॅनेलचे डबे आणि दरवाजे करतो आम्ही, मशीन २० टनाचं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शीट क्लॅम्पमध्ये धरलेली असते आणि प्रोग्रामप्रमाणे सरकत राहते, वरच्या टरेटमध्ये (टूल बसवलेली फिरती चकती) पंच, खालच्यात डाय म्हणजे त्याच आकाराचं भोक असलेलं टूल, लागेल ते टूल फिरून रॅमखाली येतं, रॅम ठोका मारतो, कापलेली चकती म्हणजे स्लग डायमधून खाली पडायला हवा.

तोच दरवेळी पडत नाहीये. एम-२० केबल ग्लँडसाठी (डब्यात शिरणारी केबल घट्ट धरणारी फिटिंग) २०.५ मिमीचं भोक आहे. २ मिमी एमएसला (माइल्ड स्टील, साधं पोलाद) काहीच त्रास नाही, पण १.२ लावली की मधूनच एखादा स्लग पंचाला चिकटून वर येतो, शीटवर पडतो आणि पुढचा ठोका नेमका त्याच्यावर बसतो. शुक्रवारी दरवाज्यावर मोठ्या नाण्याएवढा खड्डा पडला आणि पंचाच्या कडेचा टवका गेला. माल भंगारात गेला ते एक, पण आमचा हेल्पर पोरगा चालू मशीनवर स्लग उचलायला हात घालत होता, मी ओरडलो म्हणून थांबला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मशीनची ताकद कमी पडत नाहीये हे नक्की. परीघ गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंथ (पत्रा कापायला लागणारा जोर, दर चौरस मिमीला), म्हणजे ६४.४ × १.२ × ३५०, साधारण २७ हजार न्यूटन, पावणेतीन टन फक्त. पंचाला धार नुकतीच लावलीये. डायवर क्लिअरन्स, म्हणजे पंचापेक्षा डायचं भोक किती मोठं ते, ०.४ मिमी लिहिलंय. काय चुकतंय?

प्रतिसाद:
दादा, गोची डायमध्येच आहे. ०.४ म्हणजे २ मिमीच्या २० टक्के, एमएसला बरोबर. तेच १.२ ला ३३ टक्के होतं, स्लग डायमध्ये सैल पडतो, डाय त्याला धरतच नाही, मग पंचाच्या तोंडाला तेल असलं की तो चिकटून वर येणारच. १.२ साठी ०.२ ते ०.२५ ची वेगळी डाय घ्या. दुसरं म्हणजे धार लावली म्हणताय, तर पंचाची लांबी परत ॲडजस्ट केली का? धार लावताना घासला जातो तेवढा तो डायमध्ये कमी उतरतो. आणि मॅग्नेटिक चकवर (चुंबकाने टूल धरणारा टेबल) ग्राइंड केला असेल तर पंचात चुंबकपणा राहतो आणि स्लग ओढला जातो, तो डीमॅग्नेटाइज करून घ्या. पोराला सांगा, मशीन थांबवल्याशिवाय हात नाही.

धागाकर्ता:
खूप आभार! पंच काढून टाचणी लावून बघितली, चटकन चिकटली. लांबी पण ॲडजस्ट केली नव्हती, आज दोन्ही करून घेतलं आणि दीडशे भोकांत एकही स्लग वर आला नाही. डाय यायला आठवडा लागेल म्हणतात, तोवर १.२ चा माल हळू स्पीडवर काढला तर चालेल, की थांबूच?