सस्पेन्शनच्या दुरुस्तीनंतर पुढून येणारा आवाज

प्रश्न: पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर आणि लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे) नुकतेच बदलले; तेव्हापासून गतिरोधकावर डावीकडून ‘खट्’ असा, तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो. कारण काय असावे?

उत्तर: हे दोन वेगळे दोष वाटतात. स्टिअरिंगसोबतचा आवाज बहुधा स्ट्रट माउंटच्या (शॉकअब्सॉर्बर व स्प्रिंग वर गाडीला जिथे बसतात ती बैठक) बेअरिंगचा असावा. ते अडकले की स्प्रिंग पिळली जाते आणि झटक्याने सुटते.

उत्तर: ‘खट्’साठी आधी स्टॅबिलायझर लिंकचे (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा सस्पेन्शनला जोडणारी छोटी कांडी) नट तपासावेत. शिवाय लोअर आर्मचे बोल्ट चाके लोंबकळत असताना आवळले असल्यास बुशचे (आर्मच्या सांध्यातील रबरी नळी) रबर पिळलेलेच राहते, म्हणून ते सैल करून गाडीचे वजन चाकांवर असताना पुन्हा आवळून घ्यावेत. घाईत नेमके हेच राहते.

प्रश्नकर्ता: डाव्या लिंकचा नट खरोखरच सैल निघाला. बेअरिंग उद्या उघडणार आहे.